सहा कारव्यांची बाई

ती अजून नाही. नाव तेवढं ठरलंय, ढवळी.
वय सहा कारव्या.
कारवी सात वर्षांनी फुलते, हिशेब ज्याचा त्यानं करावा.
माझंही तेवढंच.
काम: कोयनेपलीकडच्या, नकाशात नसलेल्या एका राज्याची
सरहद्द पायांनी राखणं.

आमच्या खेळाचा नियम एकच.
राज्य खोटं चालेल,
बंद खोटा चालणार नाही.
तीनशे वर्षांमागं जावळीच्या रानात
जे कुणाच्या अंगावर असू शकलं असतं,
तेवढंच अंगावर.

म्हणून मेढ्याच्या शाळेत परीक्षानळ्या धुणारी मी
दिवाळीच्या सुट्टीत हिरडे कुटत बसले.
गंजके खिळे, गुळाचं पाणी, पंधरा दिवस झाकलेलं मडकं.
शेजारच्या कमळजाकाकू विचारतात, काय मेलंय गं?
मेलं नाही काकू, रंग होतोय.
हातमागाचं जाडंभरडं कापड
आधी हिरड्यात पिवळट,
मग खिळ्यांच्या पाण्यात डोळ्यांदेखत काळवंडलं.
ओल्या कातळाचा रंग.
कातळाला टेकून उभी राहिली तर ढवळी दिसायची नाही.

सहा बंदांची बंडी. गुडघ्याखाली चोळणा.
धनवंत म्हणाला, बाई चोळणा घालेल का?
म्हटलं, लुगडं कारवीत अडकतं,
भावाचा घेतला असेल.
आणि रानात बाईनं काय घातलं
ते लिहायला कोण गेलं होतं?
सगळी हातशिलाई.
काखेतली एक शिवण तेवढी मशीनवर मारली,
रात्री साडेबाराला.
ढवळीला सांगितलेलं नाही.

घोंगड्यासाठी म्हसवड गाठलं.
शिदू सणगरांच्या मागाला चिंचोक्याच्या खळीचा वास.
पाठदुखीला का? त्यांनी विचारलं,
आता सगळे पाठदुखीलाच नेतात.
म्हटलं, पाऊस अंगावर घ्यायला.
ते काही बोलले नाहीत.
दाखवलेलं घोंगडं गुंडाळून ठेवलं
आणि आतून दुसरं आणलं, जाड, काळं,
न भिजताही ओल्या मेंढीसारखं.

हैबती लोहारानं
शाळेतल्या मोडक्या कानशीची चकमक करून दिली.
गारगोटी ओढ्यातली, कापूस सावरीचा.
पाच रविवार नुसती बोटं सोलली.
सहाव्या रविवारी ठिणगी बसली,
आणि मी इतकी ओरडले की विझली.

पाण्याला वाळवलेला भोपळा. कमरेला गोफण.
शिदोरीत नाचणीची भाकरी, भाजलेले हुलगे.
शेंगदाणे नकोत, ते कुठले तेव्हा.
मिरचीवरून तासभर भांडण झालं, मिरची हरली,
मिरी जिंकली.
घरी येऊन मी ठेचा खाल्ला.

राहिला चष्मा.
उणे चार.
काढला तर सरहद्दच दिसत नाही.
काळ्या दोऱ्यानं बांधला कानामागं
आणि सर्वांनी न पाहिल्यासारखं केलं,
जसं चाळकेवाडीच्या पठारावर
आम्ही त्या पवनचक्क्याही पाहत नाही.

दिवस मावळता तिथल्या झाडीच्या तोंडाशी
एक वनमजूर भेटला. खाकी शर्ट, रबरी चप्पल, हातात बॅटरी.
बंडी बघितली. गोफण बघितली.
घोंगड्याचा काठ दोन बोटांत धरून म्हणाला,
हे झ्याक.
मग भोवती एक फेरी मारून,
काठी कुठाय?

चार महिने. हिरडे, खिळे, म्हसवडची एस.टी.,
मिरचीचा निवाडा,
आणि काठी कुणालाच आठवली नव्हती.

नुसत्या हातानं रानात फिरतीस व्हय?
म्हटलं, इथंच एखादी तोडून घेऊ?
तोडशील तर पावती फाडीन,
तो म्हणाला, हसला नाही,
आणि स्वतःचीच पुढं केली.
सकाळी नाक्यावर आणून दे.

मुठीशी गुळगुळीत, खाली लोखंडी कडं,
एका बाजूला जरा झिजलेली, त्याच्या चालीनं.
माझ्या हाताला थोडी उंच.

धनवंतनं विचारलं, ही कुठल्या सालातली?
मी ऐकलं.
ढवळी तोवर उतारावर लागली होती.